शिरगावचा उतार

‘चेंगराचेंगरी’ या आपल्या शब्दाकडे आम्ही अलीकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो आहोत. इंग्रजी वृत्तपत्रे अशा प्रसंगाला ‘स्टँपीड’ म्हणतात. तो शब्द मुळात स्पॅनिशमधून आलेला आणि बिथरून उधळलेल्या गुरांच्या कळपासाठी वापरलेला. त्यात धावणे आहे, भय आहे, बुद्धी गमावणे आहे. म्हणजे दोष उधळणाऱ्याचाच. आपला शब्द तसे काही म्हणत नाही. चेंगरणे म्हणजे दोहों बाजूंनी दाब येऊन मधल्यामध्ये सापडणे. जो चेंगरला तो धावत होता असे मराठी भाषा गृहीत धरीत नाही. ज्या शास्त्रज्ञांनी गर्दीतील मृत्यूंचा अभ्यास केला त्यांचे म्हणणेही हेच आहे. माणसे पायांखाली तुडवली जाऊन मरतात ती थोडी; बहुतेक जण उभ्याउभ्याच, छातीवर चहूंकडून दाब येऊन, श्वास आत घेता न आल्यामुळे मरतात. हा केवळ शब्दच्छल नव्हे. गर्दी उधळली असे मानणारा पोलीस दंडुका उचलतो. गर्दी दाबली जात आहे असे जाणणारा मागची वाट बंद करतो आणि पुढची मोकळी करतो. एकाच क्षणी केलेल्या या दोन कृतींचे परिणाम अगदी विरुद्ध होतात.

हे सारे लिहिण्याचे निमित्त वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. ३ मे २०२५ च्या पहाटे, तीनच्या सुमारास, आमच्या डिचोली तालुक्यात शिरगाव येथे श्री लइराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन सहा भाविक दगावले आणि सत्तराहून अधिक जखमी झाले. या मासिकाचे मुंबई-पुण्याकडचे, बेळगावकडचे कित्येक वाचक वैशाख शुद्ध पंचमीला आवर्जून गावी येतात. त्यांतील काही जण त्या रात्री तेथे असतील. आमच्या शाळेतील मुलांच्या घरांतून तर पिढ्यान्‌पिढ्या धोंड होत आलेले आहेत. त्यामुळे ‘पोलीस अशा वेळी काय करतात, आणि त्यांनी काय करावयास हवे’ हा प्रश्न आमच्यापाशी पुस्तकातून आलेला नाही.

ज्यांनी ही जत्रा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. लइराई ही सात बहिणींपैकी एक. मुळगावची केळबाई, मयेची महामाया, पेडणे महालातील मोरजीची मोरजाई या तिच्या बहिणी. म्हापशाची मिराबाई हीही बहीणच, जिला लोक मिलाग्रिस सायबीण म्हणून ओळखतात आणि जिच्या फेस्ताला हिंदूही तेल घेऊन जातात. देवीला मोगऱ्याच्या कळ्या प्रिय. त्या रात्री शिरगावात पाऊल टाकले की प्रथम तो वास येतो, मग घामाचा, मग धुराचा. धोंड म्हणजे व्रतस्थ भक्त. काही दिवसांचे सोवळे पाळून, उपास करून, हातात रंगीत गोंड्यांनी सजविलेली वेताची काठी घेऊन ते येतात, तळीवर स्नान करतात, देवीचे दर्शन घेतात आणि उत्तररात्री होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. एकेका गावचे धोंड जथ्याने येतात. हजारोंनी येतात. पाहणारे त्याहून कितीतरी पटीने असतात. गाव मात्र तेवढेच आहे: खाणींनी वेढलेले, चढउताराचे, निरुंद वाटांचे. जत्रेपुरती त्या वाटांच्या दोन्ही कडांना दुकाने बसतात, आणि आठ हातांची वाट पाच हातांची होते. खाजे, लाडू, खेळणी, फुले या दुकानांवाचून जत्रा ही जत्राच नव्हे, हे आम्हांलाही मान्य आहे.

दुर्घटना घडली ती निरुंद उतारावर. उतारावर काही जणांचा तोल गेला, मागचे त्यांच्यावर आले आणि त्यांच्यामागचे त्यांच्यावर. जखमींना डिचोलीच्या, साखळीच्या आरोग्यकेंद्रांत, म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात व बांबोळीच्या गोमेकॉत हलविले. दिवस उजाडेपर्यंत वार्ता साऱ्या गोव्यात पसरली. त्याच दिवशी शासनाने सत्यशोधन समिती नेमली आणि उत्तर गोव्याचे जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक यांच्यासह अनेक अधिकाऱ्यांच्या बदल्या केल्या.

बदल्यांकडे आम्ही नंतर वळू. आधी त्या उताराकडे पाहू.

गर्दीचे शास्त्र सांगते की एका चौरस मीटरच्या जागेत माणसे दोन-तीन असेपर्यंत प्रत्येक जण आपल्या इच्छेने चालतो. चार झाली की चाल मंदावते. पाच-सहा झाली की माणूस स्वतःचा राहत नाही. त्याचे चालणे, थांबणे, वळणे सारे आजूबाजूच्या शरीरांच्या हाती जाते. त्या पलीकडे गर्दी पाण्यासारखी वागू लागते. तिच्यात लाटा उठतात. मागे वीस हातांवर कोणी ढकलले तर त्याचा धक्का पुढे बसतो आणि ढकलणाऱ्याला त्याची वार्ताही नसते. उतार असेल तर प्रत्येकाच्या वजनाचा काही भाग पुढच्यावर पडत असतोच. म्हणून मागून ‘चला, चला’ म्हणणारा भाविक दुष्ट नसतो, आणि पुढे गुदमरणारा भाविक भित्रा नसतो. मधली माहिती कोणी मागे नेऊन पोचवीत नाही, एवढाच दोष असतो. ती मागे नेणे आणि वर नेणे हे पोलिसांचे काम.

‘वर नेणे’ म्हणजे काय, ते सामान्य वाचकाला सहसा ठाऊक नसते. म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो.

आपल्याकडे आपत्तीचा सामना करण्याची एक शिडी कागदावर आखलेली आहे. २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यानुसार जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण असते. २०१० साली राष्ट्रीय प्राधिकरणाने ‘घटना प्रतिसाद प्रणाली’ची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मूळ कल्पना अमेरिकेतील कॅलिफोर्नियाची. तेथे १९७० साली वणवे पेटले तेव्हा वेगवेगळ्या अग्निशमन दलांना परस्परांची भाषाच समजेना, प्रत्येकाचा हुकूम निराळा. त्या गोंधळातून ती जन्मली. तिची तत्त्वे साधी आहेत. घटनास्थळी एका वेळी एकच प्रमुख असावा. प्रत्येकाला आपला वरिष्ठ एकच असावा. एका माणसाने साधारणपणे पाच जणांना सांभाळावे, फार तर सात. त्याहून अधिक नाही. (चाळीस मुलांचा वर्ग एकट्याने सांभाळणाऱ्या शिक्षकाला हे वाचून हसू येईल, पण आमची मुले बसलेली असतात.) आणि मोठा अधिकारी आला म्हणजे आपोआप प्रमुख होत नाही, आधीच्याकडून परिस्थिती समजून घेऊन, सूत्रे घेतल्याचे सर्वांना कळवून मगच तो प्रमुख होतो. आपत्तीच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. जिल्ह्याला आपल्या बळावर निभावता येते ती पहिली, राज्याला हात घालावा लागतो ती दुसरी, केंद्राला धावून यावे लागते ती तिसरी.

पोलिसांची स्वतःची शिडी याच्या पोटात असते. वाटेवर उभा असलेला शिपाई, त्याचा हवालदार, त्या भागाचा उपनिरीक्षक, डिचोली ठाण्याचे निरीक्षक, उपविभागाचे उपअधीक्षक, उत्तर गोव्याचे अधीक्षक, त्यांच्यावर उपमहानिरीक्षक, महानिरीक्षक व महासंचालक. बाजूला नियंत्रण कक्ष. नागरिकांनी ११२ हा क्रमांक फिरविला की त्याची नोंद तेथे होते. ही शिडी चढायला संदेशाला किती वेळ लागतो, यावर प्राण अवलंबून असतात. गर्दीतल्या माणसाची छाती दाबली गेली की हाताशी मोजकी मिनिटे असतात. वरच्या पायऱ्या तर किती दूर आहेत! महाराष्ट्र व गोवा यांसाठीची राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे येथे असते. तिला घाट उतरून यायचे असते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला तेव्हा राष्ट्रीय सुरक्षा दलाचे जवान हरियाणातील मानेसरहून यावयाचे होते. ते पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला, आणि तोवरची रात्र मुंबईच्या ठाण्यांतील पोलिसांनी काढली. पुढे २००९ मध्ये त्या दलाचे केंद्र मुंबईत आले. चेंगराचेंगरीला मात्र केंद्र कितीही जवळ आणले तरी ते दूरच. पहिली दहा मिनिटे त्या उतारावरच्या शिपायाचीच असतात.

म्हणूनच शिडीची सर्वांत खालची पायरी ही सर्वांत महत्त्वाची, असे आमचे मत झाले आहे. आणि आपल्याकडे नेमकी तीच सर्वांत मुकी असते.

याचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण परदेशातले आहे. दक्षिण कोरियाची राजधानी सोल. तेथील इतेवॉन भागात २९ ऑक्टोबर २०२२ रोजी तरुण मुलामुलींची उत्सवी गर्दी लोटली. गल्ली जेमतेम सव्वातीन मीटर रुंद, आणि वाचकहो, तीही उताराचीच. रात्री सव्वादहाच्या सुमारास माणसे एकमेकांवर पडली व १५९ जीव गेले. पण पोलिसांना पहिला दूरध्वनी गेला होता सायंकाळी ६ वाजून ३४ मिनिटांनी. एका नागरिकाने सांगितले होते की या गल्लीत लोक चेंगरून मरतील असे वाटते. त्यानंतर दुर्घटना होईपर्यंत असे एकूण अकरा दूरध्वनी गेले. पोलीस प्रत्यक्ष गेले ते त्यांपैकी चार वेळा. प्रत्येक दूरध्वनीची स्वतंत्र नोंद झाली, प्रत्येकाचा स्वतंत्र निकाल लागला. अकराही एकाच गल्लीविषयी आहेत हे कोणी एकत्र करून वर नेले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तेथील न्यायालयाने त्या भागाच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. यंत्रणेत माणसे नव्हती असे नाही. यंत्रे नव्हती असे तर मुळीच नाही. सोलसारखे तारायंत्रांनी विणलेले नगर जगात दुसरे क्वचितच असेल. ‘हे आता नेहमीचे राहिले नाही’ हे वाक्य उच्चारण्याची जबाबदारी कोणावरही नव्हती.

हे वाक्य उच्चारणे अवघड का जाते, ते आम्ही सरकारी नोकर चांगलेच जाणतो. ‘मला आवरत नाही, मदत पाठवा’ असे वरिष्ठाला सांगणे म्हणजे आपली नालायकी कबूल करणे, असा आमच्या कचेऱ्यांचा शतकाचा संस्कार आहे. शाळेतही नवा शिक्षक वर्गाचे दार लावून घेतो, आतला गोंगाट बाहेर जाऊ नये म्हणून. रात्रीचे तीन वाजलेले, सकाळपासून उभा असलेला शिपाई, समोर सोवळ्यातले शेकडो धोंड, भ्रमणध्वनीची रेंज गर्दीने गिळलेली, बिनतारी यंत्रावर दहा आवाज एकाच वेळी. आणि तो शिपाई स्वतःही बहुधा देवीचा भक्तच. त्याने खरोखर गर्दी वाढल्याचे कळविले आणि काहीच झाले नाही, तर उद्या त्याची थट्टा; आणि कळविले नाही व काही झाले, तर चौकशी. या दोहोंत बहुतेक माणसे थट्टा टाळतात. मनुष्यस्वभाव आहे. त्याला उपदेश करून तो बदलणार नाही. त्याच्या हाती एखादे मोजमाप दिले तर कदाचित बदलेल.

मोजमापाची गोष्ट आम्हांला सुचली ती नदीवरून. पावसाळ्यात आमच्याकडे दुसरी एक आपत्ती येते, आणि तिच्या बाबतीत हीच शिडी पुष्कळ बरी चालते. तिळारीचे धरण दोडामार्ग तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात; पण त्याच नदीचे पाणी पुढे गोव्यात शापोरा होऊन वाहते. ऑगस्ट २०१९ मध्ये मुसळधार पाऊस आणि धरणातून सोडलेले पाणी यांची गाठ पडली, आणि डिचोलीतील साळ तसेच पेडण्यातील इब्रामपूर, हणखणे, चांदेल या बाजूची गावे पाण्याखाली गेली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, तो मुख्यमंत्र्यांच्या शब्दांत १९८२ नंतरचा सर्वांत भीषण. घरे पडली, बागायती वाहून गेल्या, गुरे गेली. तरीही या पुरांत लोकांना घरांतून हलविण्याचे काम वेळेवर सुरू होऊ शकते, याचे कारण पाण्याला खूण असते. धरणाची पातळी मीटरमध्ये सांगतात. पुलाच्या खांबावर धोक्याची रेघ असते. रेघ ओलांडली की दोडामार्गहून गोव्याच्या जलस्रोत खात्याकडे, तेथून जिल्हाधिकाऱ्याकडे, मामलेदाराकडे, ठाण्याकडे, अग्निशमन दलाकडे निरोप जातो. मध्यरात्री तो निरोप खाली खाली येत आमच्यासारख्या एखाद्या मुख्याध्यापकापर्यंत पोचतो, कारण पूरग्रस्तांना ठेवायला जागा म्हणजे सरकारी शाळा आणि शाळेची किल्ली मुख्याध्यापकाकडे. त्या वेळी कोणी कोणाला ‘तुम्हांला असे का वाटते?’ म्हणून विचारीत नाही. पाणी रेघेवर आले, एवढे पुरते. निरोप देणाऱ्याच्या अब्रूचा प्रश्न उरत नाही.

मग गर्दीला रेघ का नसावी? उतारावरच्या अमुक वळणापासून तमुक दुकानापर्यंत इतकी चौरस मीटर जागा. तीत इतकी माणसे झाली की पिवळी खूण, इतकी झाली की तांबडी. एक माणूस उंचावर बसवावा, त्याने दुसरे काहीच करू नये, फक्त पाहावे. तांबडी झाली की त्याने कोणाचीही परवानगी न घेता तळीकडची वाट थांबविण्याचा आदेश द्यावा. यात नवे असे काहीच नाही. राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१४ मध्ये मोठ्या मेळाव्यांसाठी जे मार्गदर्शक पुस्तक काढले त्यात जागेची क्षमता आधी मोजावी, येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या असाव्यात, गर्दीला मागेच टप्प्याटप्प्याने थोपवावे हे सारे आहे. ते मंदिराच्या वाटेवर, दुकानांच्या आड, पहाटे तीन वाजता कोण अमलात आणणार हे मात्र पुस्तकाने नव्हे, गावाने ठरवायचे असते.

पेडण्याचे एक उदाहरण येथे देण्याचा मोह आवरत नाही. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. विमानतळाला आंतरराष्ट्रीय नियमच असा आहे की दोन वर्षांच्या आत एकदा तरी संपूर्ण आपत्तीचा सराव झाला पाहिजे: खोटा अपघात, खोटे जखमी, पण खऱ्या गाड्या, खरे डॉक्टर, खरे पोलीस. विमान कोसळण्याचा प्रसंग एखाद्या विमानतळाच्या साऱ्या आयुष्यात येणारही नाही. जत्रा दर वर्षी येते, ठरलेल्या तिथीला येते, ठरलेल्या वाटेने येते. इतकी आधी कळवून येणारी आपत्ती दुसरी नाही!

आता एक नाजूक गोष्ट. गोव्यातील देवस्थानांचा कारभार अद्याप पोर्तुगीज अमदानीतील १९३३ च्या नियमनानुसार चालतो. महाजन, त्यांची समिती, आणि त्यांच्यावर प्रशासक म्हणून तालुक्याचा मामलेदार. तोच मामलेदार कार्यकारी दंडाधिकारी असतो आणि आपत्तीच्या शिडीवर तालुक्याची पायरीही त्याचीच. म्हणजे देवस्थान, कायदा आणि आपत्ती हे तिन्ही धागे एका खुर्चीत येतात. ही अडचण आहे असे पुष्कळांना वाटते. आम्हांला ती संधी वाटते. कारण जत्रेत केवळ पोलिसांचे चालत नाही. जमावबंदीचे जुने १४४ कलम, जे जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १६३ झाले, ते होमकुंडाकडे निघालेल्या धोंडांना वाचून दाखविता येत नाही. चार-पाच दिवस उपास करून आलेल्या माणसाला खाकी वर्दीतला कोणी ‘थांब’ म्हणाला तर तो थांबेलच असे नाही. देवस्थानच्या जाणत्या माणसाने, त्याच्याच गावच्या ज्येष्ठ धोंडाने हात वर केला तर तो थांबतो. म्हणून प्रत्येक जथ्याबरोबर त्याचा एक ज्येष्ठ, आणि त्या ज्येष्ठाशी आधीपासून ओळख असलेला एक पोलीस, अशी जोडी जत्रेपूर्वी ठरवून ठेवता येईल. पोलिसाच्या शिटीला देवस्थानचा आवाज हवा, आणि देवस्थानच्या आवाजाला पोलिसाची नजर. शिरगावच्या घटनेनंतर समिती, पंचायत, पोलीस व प्रशासन यांनी एकमेकांकडे बोटे दाखविली. ते स्वाभाविक होते. पण अमुक क्षणी जथा थांबविण्याचा अधिकार नेमका कोणाचा, या प्रश्नाचे एका नावाचे उत्तर जत्रेच्या आदल्या दिवशीच गावाला तोंडपाठ हवे.

बदल्यांविषयी आमचे मत कदाचित काही वाचकांना रुचणार नाही. लोकक्षोभ शांत करण्यासाठी शासनाला तत्काळ काहीतरी करावे लागते, हे समजण्यासारखे आहे. परंतु जिल्ह्याचे दोन प्रमुख, दुर्घटनेच्या चोवीस तासांच्या आत, दोष ठरण्यापूर्वीच हलविले म्हणजे त्या रात्री काय घडले हे ज्यांना सर्वांत अधिक ठाऊक, तेच जिल्ह्याबाहेर गेले. नव्याने येणाऱ्याला तळी कोठे आणि होमकुंड कोठे येथपासून आरंभ करावा लागतो. शिवाय खालच्या पायरीवरच्या माणसाने यातून काय शिकावे? लवकर कळवावे हे, की आपल्या नावावर काही नोंद होऊ देऊ नये हे? आम्हांला दुसऱ्याचीच धास्ती वाटते. सात महिन्यांनी, ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री, बार्देशात हडफडे येथील नाइट क्लबला आग लागून पंचवीस जण मृत्युमुखी पडले. वाट इतकी अरुंद की अग्निशमनाच्या गाड्या लांबच उभ्या कराव्या लागल्या. त्या दोन घटनांत देवाचा आणि दारूचा कितीही फरक असो, निरुंद वाट दोन्हींकडे होती, आणि ती निरुंद आहे हे सर्वांना आधीपासून दिसत होते.

इंग्लंडमध्ये शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजी फुटबॉलचा सामना होता. बाहेर गर्दी दाटली म्हणून पोलिसांनी एक मोठे फाटक उघडले. पण आत समोरच्या बोगद्यापाशी, जो आधीच भरलेल्या कठड्यांकडे जात होता, तेथे कोणालाही उभे केले नाही. सत्त्याण्णव प्रेक्षकांचे प्राण गेले, आणि आपल्या माणसांचा दोष नव्हता हे न्यायासनासमोर सिद्ध व्हायला मृतांच्या कुटुंबीयांना २०१६ सालापर्यंत झगडावे लागले. आरंभी दोष प्रेक्षकांच्याच माथी मारला होता. आपल्या महाराष्ट्रात २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवीच्या काळूबाईच्या यात्रेत सुमारे तीनशे भाविक दगावले. तेथेही डोंगर, उतार, पायऱ्यांवर फोडलेल्या नारळांच्या पाण्याने झालेले निसरडे, आणि कडेला दुकाने. न्यायमूर्ती कोचर यांच्या आयोगाने पुढे चौकशी केली. नाशिकला २००३ च्या कुंभात ३९ जण गेले. २०१५ च्या कुंभात पोलिसांनी येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या ठेवल्या, जागोजाग अडथळे उभारले. पहिल्या पर्वणीला तर ते इतके झाले की भाविकांना मैलोन्‌मैल पायपीट करावी लागली, घाट रिकामे राहिले आणि टीका झाली. मग पुढच्या पर्वणीला बंदोबस्त सैल केला. हा सैल करण्याचा निर्णय आम्हांला विशेष वाटतो. पहिल्या पर्वणीचे मोजमाप दुसरीला उपयोगी आणले.

शिरगावची जत्रा वर्षातून एकदाच येते, म्हणून सुधारायला दुसरी पर्वणी पंधरा दिवसांत मिळत नाही. तथापि पावसाळ्यानंतर गावातल्या वाटांची मापे घेता येतील. दुकानांच्या जागांचे लिलाव होण्यापूर्वी उतारावरची एक बाजू रिकामी ठेवण्याचा ठराव करता येईल. रुग्णवाहिकेसाठी जत्राभर कोणीही पाय ठेवणार नाही अशी एक पायवाट राखता येईल. शेजारच्या शाळांची मैदाने जथ्यांना थांबायला देता येतील. तेथे पाणी आणि बसायला जागा असली तर धोंड खुशीने तासभर थांबतील. किल्ली कोणाकडे मागायची ते सर्वांना माहीत आहेच.

जे वाचक जत्रेला जाणार आहेत त्यांना एक व्यवहाराची सूचना. गर्दीत श्वास कोंडू लागला तर हात छातीसमोर आडवे धरावेत, म्हणजे फासळ्यांना हलायला जागा राहते. पडलेली वस्तू उचलायला वाकू नये. लाट आली तर तिच्याविरुद्ध न जाता तिरके, कडेकडेने सरकावे. आणि ११२ वर सांगायचे झाले तर ‘शिरगावला गर्दी झाली आहे’ असे सांगू नये. ते त्यांना ठाऊक असते. देवळाच्या कोणत्या बाजूला, कोणत्या वाटेवर, लोक पडले आहेत की अजून उभे आहेत, साधारण किती, आणि गाडी कोणत्या बाजूने आत येऊ शकेल, या क्रमाने सांगावे. नोंद घेणाऱ्याने ‘बरे’ म्हणून ठेवून दिले तर पुन्हा फिरवावा, आणि शेजारच्यालाही फिरवायला सांगावे.